राजवाड्याचे चित्रण : व्हिडिओ कॅमेऱ्यात उत्तम चित्र कसे सिद्ध होते



मध्य प्रदेशातील इंदूर शहराच्या मध्यवस्तीत, खजुरी बाजारानजीक, होळकरांचा राजवाडा उभा आहे. जेजुरीजवळच्या होळ गावावरून ज्या घराण्याला आडनाव मिळाले, त्या घराण्याचे मल्हारराव होळकर यांनी अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास त्याची उभारणी सुरू केली. सात मजल्यांच्या या वास्तूचे खालचे तीन मजले दगडी असून वरचे चार मजले लाकडी आहेत. लोखंडी खिळ्यांनी मढविलेला प्रचंड दरवाजा, पुढे आलेले सज्जे, झरोके आणि कोरीव लाकूडकाम ही त्याची ओळख होय.

लाकूड हे या वास्तूचे वैभव होते, तसेच तिचे संकटही. १८०१ साली सर्जेराव घाटग्यांच्या फौजेने इंदूर लुटून जाळले. पुढे १९८४ साली, पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत राजवाड्याला पुन्हा आग लागली आणि दर्शनी भागामागील बराच भाग नष्ट झाला. २००६ च्या सुमारास विटा, चुना व लाकूड या जुन्या पद्धतीच्या सामग्रीने मागील भागाच्या पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले. परंतु एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जळालेले लाकूड परत येत नाही. ते नव्याने कोरता येते. मात्र कशावरून कोरावयाचे, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर जुने नकाशे, मोजमापे आणि चित्रे यांतच शोधावे लागते. म्हणून एखाद्या वास्तूचे चित्रण स्पष्ट आहे की पुसट, हा प्रश्न केवळ हौसेचा किंवा करमणुकीचा राहत नाही. उद्याच्या कारागिराच्या हाती काय पडणार, याचा निर्णय त्या चित्रणाच्या गुणवत्तेवर अवलंबून असतो.

बांधकाम खात्यातील एक छायाचित्रकार

या बाबतीत इंदूरची परंपरा मोठी आहे. १८४४ साली सरधना येथे जन्मलेले लाला दीनदयाळ हे रुडकीच्या टॉमसन कॉलेजात अभियांत्रिकी शिकून १८६६ साली इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात दाखल झाले. नकाशे काढणे व अंदाजपत्रके तयार करणे हे त्यांचे काम. १८७४ च्या सुमारास त्यांनी छायाचित्रण सुरू केले. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर आणि मध्य हिंदुस्थानातील ब्रिटिश एजंट सर हेन्री डेली यांचे त्यांना प्रोत्साहन लाभले. १८८२ साली सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर दौरा करून त्यांनी मध्य हिंदुस्थानातील प्राचीन वास्तूंची चित्रे घेतली. पुढे हैदराबादच्या निजामाने त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले आणि ‘राजा’ हा किताब दिला. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जतन केलेल्या आहेत.

दीनदयाळांच्या काळी यंत्र अवजड होते, काचा जपून न्याव्या लागत, आणि एका चित्रासाठी दीर्घ तयारी करावी लागे. तरीही ती चित्रे आजही थक्क करतात. याचे एक कारण असे की प्रकाश ज्या पृष्ठावर उमटे, ती काचच वीतभर वा त्याहून मोठी असे. कागदावरचे चित्र काचेला कागद भिडवून तेवढ्याच आकाराचे उतरविले जाई. त्यामुळे ते फुगवावे लागत नसे आणि बारकावे विरळ होत नसत. दुसरे कारण त्यांच्या शिस्तीत होते. तिपाई घट्ट रोवणे, उन्हाची योग्य वेळ साधणे व चौकट विचारपूर्वक ठरविणे यांवाचून त्या काळी चित्र घेताच येत नसे. आजच्या व्हिडिओ कॅमेऱ्यात काचेची जागा नखाएवढ्या किंवा आगपेटीएवढ्या संवेदकाने घेतली आहे. पण दोन्ही कारणे अजूनही तितकीच खरी आहेत.

कालवा आणि चित्र

बाजारात कॅमेऱ्याची चौकशी केली तर प्रथम पिक्सेलचा, म्हणजे चित्रबिंदूंचा आकडा सांगितला जातो. परंतु हा आकडा म्हणजे गुणवत्ता नव्हे. शेतकऱ्यास हे कालव्याच्या दृष्टांताने सहज पटेल. धरणातून किती पाणी सोडले, एवढ्यावरून शेवटच्या शेताची तहान ठरत नाही. वाटेत कालवा कोठे झिरपतो, कोठे फुटला आहे, कोठे गाळाने भरला आहे, यावर ते ठरते. आणि वर वाया गेलेले पाणी खाली कोणत्याही उपायाने परत आणता येत नाही. चित्राचेही तसेच आहे. वास्तूवरून निघालेला प्रकाश भिंगातून संवेदकावर येतो, तेथे त्याचे विजेत रूपांतर होते, त्या विजेचे आकडे होतात, आकडे दाबून बसविले जातात आणि शेवटी साठविले जातात. यांपैकी प्रत्येक टप्प्यावर काहीतरी गळते. व्यावसायिक कॅमेऱ्याची किंमत मुख्यतः ही गळती कमी करण्यासाठी मोजलेली असते.

पहिला टप्पा : भिंग

उत्तम भिंग हे एका काचेचे नसून अनेक काचांची जुळणी असते. साध्या काचेतून लाल व निळा प्रकाश एकाच ठिकाणी एकवटत नाहीत. त्यामुळे सज्जाच्या काळ्या कडेभोवती जांभळी झालर दिसू लागते. निरनिराळ्या जातीच्या काचा एकत्र जोडून हा दोष आवरला जातो. काचेच्या पृष्ठावर दिलेल्या अतिशय पातळ लेपांमुळे आतल्या आत होणारे परावर्तन घटते व काळा रंग खरोखर काळा राहतो.

भिंगातील छिद्र लहानमोठे करून प्रकाशाचे प्रमाण ठरविले जाते. भर उन्हात छिद्र अगदी बारीक करण्याचा मोह होतो, परंतु तो टाळावा. छिद्र लहान झाले की प्रकाश त्याच्या कडांवरून पसरतो आणि बिंदूचा ठिपका होतो. एफ १६ या मापाच्या छिद्रातून हिरव्या प्रकाशाचा एक बिंदू संवेदकावर सुमारे ०.०२१ मिलिमीटर व्यासाचा ठिपका बनतो. एफ ४ ला तोच ठिपका सुमारे ०.००५ मिलिमीटरचा असतो. दूरदर्शनच्या कामात रूढ असलेल्या दोन-तृतीयांश इंची संवेदकाची रुंदी साधारण ९.६ मिलिमीटर असते. त्यावर ३,८४० घरे मांडली तर प्रत्येक घर ०.००२५ मिलिमीटरचे होते. म्हणजे एफ १६ वर एकच बिंदू आठ-नऊ घरांवर पसरतो आणि मोजलेली किंमत पाण्यात जाते. म्हणूनच व्यावसायिक कॅमेऱ्यात करड्या रंगाचे गाळक बसविलेले असतात. ते डोळ्यांवरच्या काळ्या चष्म्याप्रमाणे उजेड कमी करतात; छिद्र मात्र योग्य मापावर ठेवता येते.

दुसरा टप्पा : संवेदक

भिंगामागील संवेदक हा लाखो सूक्ष्म घरांचा पट होय. प्रत्येक घरात पडलेल्या प्रकाशकणांचे विजेच्या भारात रूपांतर होते व तो भार मोजला जातो. अशा रचनेचा पाया १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी घातला. त्याबद्दल त्यांना २००९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रकाशकण पावसाच्या थेंबांप्रमाणे अनियमित पडतात. अंगणात वाट्या मांडल्या तर रिमझिम पावसात कोणत्या वाटीत थोडे अधिक, कोणत्या वाटीत थोडे कमी पाणी जमते; मोठी भांडी ठेवली तर फरक फारसा जाणवत नाही. घरात १०,००० कण जमले, तर स्वाभाविक चढउतार सुमारे १०० कणांचा, म्हणजे शेकडा १ इतका असतो. केवळ १०० कण जमले, तर चढउतार १० कणांचा, म्हणजे शेकडा १० होतो. अंधाऱ्या दालनाच्या चित्रणात जी मुंग्यांसारखी खळबळ दिसते ती हीच. यावरून मोठ्या संवेदकाचे महत्त्व लक्षात येईल. घरांची संख्या तीच ठेवून संवेदक मोठा केला, तर प्रत्येक घर मोठे होते, अधिक प्रकाश धरते आणि चित्र स्वच्छ येते. उलट लहान संवेदकावर घरांची गर्दी केली तर आकडा फुगतो. चित्र सुधारेलच असे नाही.

रंगांचा हिशेब

संवेदकाच्या घराला रंग कळत नाही. त्याला केवळ उजेड कळतो. म्हणून घरांवर लाल, हिरवे व निळे सूक्ष्म गाळक बसविले जातात. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांच्या नावे १९७६ साली पेटंट झालेल्या मांडणीत निम्मी घरे हिरवी, पाव लाल व पाव निळी असतात. मनुष्याच्या डोळ्याला बारकावा मुख्यतः हिरव्या प्रकाशात जाणवतो, हे त्यामागील कारण होय. प्रत्येक घराचे उरलेले दोन रंग शेजारच्या घरांवरून गणिताने ठरविले जातात. अर्थात ८३ लाख घरांच्या अशा संवेदकात प्रत्यक्ष मोजलेले हिरवे बिंदू सुमारे ४१ लाख, आणि लाल व निळे प्रत्येकी सुमारे २१ लाखच असतात.

ही उणीव भरून काढण्याचे दोन मार्ग आहेत. एका मार्गात लोलकाच्या साहाय्याने प्रकाशाचे तीन भाग करून तीन स्वतंत्र संवेदकांवर टाकले जातात. स्टुडिओतील कॅमेऱ्यांत ही पद्धत पुष्कळ वर्षे रूढ आहे. दुसऱ्या मार्गात अंतिम चित्राला लागतात त्याहून अधिक घरांचा संवेदक घेऊन नंतर चित्र आवश्यक मापावर आणले जाते.

रंगांच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. दिवसाच्या उजेडाचे मान सुमारे ५,६०० केल्व्हिन, तर स्टुडिओत वापरल्या जाणाऱ्या पिवळसर दिव्यांचे ३,२०० केल्व्हिन धरले जाते. मनुष्याचा डोळा हा फरक आपोआप सांभाळून घेतो. कॅमेऱ्याला तो सांगावा लागतो. चित्रणापूर्वी पांढरा कागद समोर धरून रंगसंतुलन केले नाही, तर जुन्या लाकडाचा तपकिरी रंग निळसर किंवा तांबूस होतो, आणि पुढे कोणता रंग मूळचा हे कोणासही सांगता येत नाही.

ऊन आणि सावली

राजवाड्यासारख्या वास्तूत सर्वांत अवघड प्रश्न ऊन-सावलीचा असतो. समोरच्या भिंतीवर प्रखर ऊन आणि कमानीच्या आत काळोख, ही दोन्ही एकाच चौकटीत येतात. उजेड दुप्पट झाला की छायाचित्रकार त्याला एक स्टॉप म्हणतात. उत्तम व्यावसायिक कॅमेरे १४ स्टॉपपर्यंतचा पल्ला धरू शकतात. म्हणजे सर्वांत उजळ व सर्वांत अंधाऱ्या भागांतील प्रमाण १६,३८४ ला १ इतके असले, तरी दोन्हींकडे काहीतरी दिसते.

हा पल्ला धरणे वेगळे आणि नोंदविणे वेगळे. साध्या नोंदीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. व्यावसायिक नोंदीत १,०२४ किंवा अधिक. पायऱ्या उजेडाच्या सरळ प्रमाणात वाटल्या, तर सर्वांत वरचा एकच स्टॉप निम्म्या पायऱ्या गिळून टाकतो आणि सावलीच्या वाट्याला मोजक्याच उरतात. म्हणून लॉगरिथमच्या नियमाने प्रत्येक स्टॉपला जवळजवळ सारख्या पायऱ्या देण्याची पद्धत निघाली. अशी नोंद प्रथम पाहताना फिकी व धुरकट दिसते. नंतर संगणकावर तिला योग्य रूप दिले जाते. एक नियम मात्र कोणत्याही कॅमेऱ्यास लागू आहे. जो भाग मर्यादेबाहेर उजळून नुसता पांढरा झाला, तेथील तपशील कायमचा गेला असे समजावे. भिंतीवरील कोरीव कामासाठी सकाळचे किंवा संध्याकाळचे तिरपे ऊन उत्तम. त्यात लहानशा उंचवट्याचीही सावली पडते आणि नक्षी उठून दिसते.

किती बारीक दिसावे

आता पिक्सेलच्या आकड्याचा खरा उपयोग पाहावा. समजा, ३० मीटर रुंदीचा दर्शनी भाग एका चौकटीत घेतला. जुन्या दूरदर्शन पद्धतीत आडव्या ओळीत ७२० बिंदू असत. एक बिंदू भिंतीवरील सुमारे ४२ मिलिमीटर जागा व्यापेल. १,९२० बिंदूंच्या चित्रात तो सुमारे १६ मिलिमीटर, आणि ३,८४० बिंदूंच्या चित्रात सुमारे ८ मिलिमीटर व्यापेल. एखादी रेघ व तिच्या शेजारची मोकळी जागा वेगळी दिसण्यास किमान दोन बिंदू लागतात. म्हणून छिन्नीची २ मिलिमीटरची खूण दिसावी अशी अपेक्षा असेल, तर चौकटीची रुंदी सुमारे ३.८ मीटरच ठेवावी लागेल. अर्थात सर्वांत महाग कॅमेऱ्याने दुरून घेतलेल्या एका चित्रापेक्षा, साध्या कॅमेऱ्याने जवळून व क्रमाने घेतलेली आठ-दहा चित्रे अनेकदा अधिक उपयोगी ठरतात.

झरोक्यांच्या बारीक जाळीत दुसरीच अडचण उद्भवते. जाळीची वीण आणि घरांची वीण जवळपास सारखी झाली की मुळात नसलेल्या लाटा चित्रात दिसतात. एकावर एक धरलेल्या दोन चाळण्यांतून पाहिले म्हणजे हा प्रकार ध्यानात येतो. तो टाळण्यासाठी पुष्कळ कॅमेऱ्यांत संवेदकापुढे किंचित मृदूपणा आणणारा गाळक असतो.

चित्र हलते असल्यामुळे वेळेचाही विचार करावा लागतो. भारतात सेकंदाला २५ चौकटी घेण्याची पद्धत रूढ आहे आणि वीज ५० हर्ट्झची आहे. त्यामुळे पुष्कळ दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात व मंदावतात. प्रत्येक चौकटीसाठी १/५० सेकंद इतकाच वेळ ठेवला की तीत दिव्याची बरोबर दोन आवर्तने येतात आणि चित्र लुकलुकत नाही. तसेच बहुतेक संवेदक ओळीमागून ओळ वाचतात; कॅमेरा झटक्याने फिरविल्यास सरळ खांब तिरपा दिसतो. भक्कम तिपाई आणि संथ हात यांना पर्याय नाही.

साठवणीतील गळती

३,८४० गुणिले २,१६० बिंदू, तीन रंग, प्रत्येकी १० बिट आणि सेकंदाला २५ चौकटी हा हिशेब मांडला तर एका सेकंदाला सुमारे ६२२ कोटी बिट होतात. एका मिनिटाला सुमारे ४७ गिगाबाइट. एवढे सर्व साठविणे कठीण असल्याने माहिती दाबली जाते. प्रथम रंगांचा तपशील कमी करतात, कारण डोळा उजेडापेक्षा रंगांतील बारकाव्यास कमी संवेदनशील असतो. त्यानंतर दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे दाबली जाते. दुसऱ्या पद्धतीत एक चौकट पूर्ण ठेवून पुढच्या चौकटींतील केवळ बदल नोंदविले जातात. दुसरीत जागा वाचते, पण झाडाची पाने, कारंजे किंवा धावती गर्दी आली की तपशील चौकोनी ठिपक्यांत विरघळतो. तेव्हा ज्या चित्रणातून पुढे मोजमाप वा अभ्यास करावयाचा आहे, ते शक्य तितके कमी दाबून ठेवावे. भ्रमणध्वनीवरून पाठविलेली प्रत ही पाहण्यापुरती असते. तिला मूळ समजू नये.

जतन हे कोणाचे काम

पॅरिसच्या नोत्र-दाम या प्राचीन चर्चला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागून त्याचे लाकडी छप्पर जळाले. कलेतिहासाचे प्राध्यापक अँड्र्यू टॅलन यांनी त्यापूर्वीच लेसरच्या साहाय्याने त्या वास्तूची अतिशय सूक्ष्म मोजणी करून ठेवली होती. पुनर्बांधणी करणाऱ्यांना ती उपयोगी पडली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती वास्तू पुन्हा खुली झाली. मोजणी करताना आग लागेल हे कोणासही ठाऊक नव्हते. नोंद ही संकटानंतर करता येत नाही. ती आधीच करून ठेवावी लागते.

इंदूरचा राजवाडा प्रसिद्ध आहे. त्याकडे अनेकांचे लक्ष असते. परंतु गावोगावी पडके वाडे, बारवा, घाट, वेशी आणि देवळांचे लाकडी सभामंडप आहेत, ज्यांची एकही चांगली नोंद नाही. शाळेतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह, ग्रामपंचायतीने आपल्या कर्मचाऱ्यांच्या साहाय्याने हे काम हाती घेता येण्यासारखे आहे. त्यासाठी फार महाग कॅमेऱ्याची वाट पाहण्याचे कारण नाही. काही पथ्ये मात्र कसोशीने पाळावीत. वास्तू संरक्षित असल्यास संबंधित पुरातत्त्व विभागाची परवानगी प्रथम घ्यावी. भिंग स्वच्छ पुसावे. कॅमेरा तिपाईवर ठेवावा. प्रत्येक भागाशेजारी मोजपट्टी व पांढरा कागद धरून एक चौकट घ्यावी. प्रथम संपूर्ण दर्शन, नंतर एकेक खण, शेवटी बारीक नक्षी असा क्रम ठेवावा. दिनांक, वेळ, दिशा आणि जागा वहीत लिहावी. मूळ चित्रणाच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या इमारतींत ठेवाव्यात व दरवर्षी त्या उघडून पाहाव्यात. कारण ज्या इमारतीचे चित्रण, त्याच इमारतीच्या कपाटात एकमेव प्रत ठेवली, तर आग दोघांनाही सोडणार नाही.

दीनदयाळ इंदुरास आले ते बांधकाम खात्याचे नोकर म्हणून. नकाशा अचूक असावा, माप खरे असावे, हा सरकारी कामातील नेकीचा नियम त्या कामात पाळावा लागे. चित्रालाही तोच लागू पडतो. यंत्रे बदलली, काचेच्या जागी संवेदक आला. परंतु वास्तूवरून निघालेला प्रकाश वाटेत न सांडता पुढच्या पिढीपर्यंत पोहोचविण्याचे काम आजही माणसाच्या दक्षतेवरच अवलंबून आहे.